छताला बुरशी का येते आणि तिचं कारण कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छतावर काळे ठिपके दिसायला लागलेत. ही बुरशीच आहे हे कसं ओळखायचं?

आधी जवळ जाऊन बघा, टॉर्च छताला समांतर धरून म्हणजे उजेड तिरका पडेल. बुरशी बहुतेक वेळा लहान लहान गोल ठिपक्यांनी सुरू होते, मग ते ठिपके एकमेकांत मिसळून मोठा डाग होतो, कडा धूसर असतात आणि कधी कधी हलकी लव दिसते. रंग काळा, हिरवा, राखाडी, तपकिरी, गुलाबीसर काहीही असू शकतो. जोडीला कुबट वास असेल तर शंका जवळपास खरीच.

बुरशीसारख्या दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी मात्र आहेत. एक म्हणजे लोणा, म्हणजे प्लास्टर किंवा काँक्रीटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन पांढरी पावडर जमते ती. बोटाने चुरली जाते आणि पाण्याचा थेंब लावला की विरघळते, बुरशी विरघळत नाही. दुसरं म्हणजे काजळी, गॅसच्या वर किंवा जिथे मेणबत्त्या जळतात, सिगारेट ओढली जाते तिथे. कधी छतावर बीमच्या रेषेत सरळ काळपट पट्टे दिसतात, ती बहुतेक थंड भागावर चिकटलेली धूळ आणि काजळी असते. घरगुती ब्लीचचा एक थेंब कापसाने डागाच्या टोकाला लावून बघा, एक-दोन मिनिटांत रंग फिका पडला तर बुरशीची शक्यता जास्त, काजळी तशीच राहते. ही टेस्ट शंभर टक्के खात्रीची नाही, आणि ब्लीच डोक्याच्या वर वापरताय त्यामुळे चष्मा किंवा गॉगल घालाच.

ठिपके आले की लगेच पुसून टाकू ना?

थांबा. आधी फोटो काढा, डागाच्या कडेने पेन्सिलने हलकी रेघ मारा आणि तारीख लिहा. डाग कुठे आहे, कसा आहे आणि कधी वाढतो या तीन गोष्टींवरून कारण सापडतं, आणि घाईघाईने पुसून वर रंग मारला की हा सगळा पुरावा जातो. मग दोन महिन्यांनी डाग परत येतो आणि तपास पहिल्यापासून सुरू करावा लागतो. घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हं बाळ असेल तर फोटो आणि खुणा करून लगेच साफ करा, त्यांच्यासाठी वाट बघायची नाही.

बुरशी येते तरी कशामुळे? घर तर स्वच्छ आहे आमचं.

स्वच्छतेशी याचा संबंध फार थोडा आहे, त्यामुळे कुणी टोमणा मारला तर मनाला लावून घेऊ नका. बुरशीचे बीजाणू (बीसारखे सूक्ष्म कण) बाहेरच्या हवेत असतात, प्रत्येक घरात येतात, ते थांबवता येत नाहीत. त्यांना खायला रंगातला सेंद्रिय भाग, धूळ, जिप्सम बोर्डवरचा कागद, लाकूड एवढं पुरतं. तापमान आपल्याला जे बरं वाटतं तेच त्यांनाही चालतं. उरतं फक्त पाणी, आणि तेवढंच आपल्या हातात आहे. म्हणून छताला बुरशी दिसली की प्रश्न एकच विचारायचा, इथे ओल येतेय कुठून?

ओल दोन वाटांनी येते. एक म्हणजे गळती, पाणी वरून किंवा पाइपातून झिरपतं. दुसरी म्हणजे घरातल्या हवेतली वाफ थंड छतावर जमते. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. वाफेच्या बुरशीसाठी गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेणं आणि गळतीच्या बुरशीसाठी डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ काढून घेणारं यंत्र) आणणं, दोन्हीत पैसे वाया जातात.

मग गळती आहे की वाफ, हे कसं कळणार?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

गळतीचा डाग सहसा एका जागी असतो, त्याला कडा असतात, बऱ्याचदा पिवळट-तपकिरी वलयं दिसतात कारण पाणी येतं, वाळतं, परत येतं आणि दर वेळी कडेला मळ सोडून जातं. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, प्लास्टरवर टकटक केलं तर पोकळ आवाज येतो, लोणा फुटतो. हाताला तो भाग बाकीच्या छतापेक्षा स्पष्ट ओला किंवा गार लागतो.

वाफेची बुरशी पसरलेली असते. ठिपके विखुरलेले, वलय नाही, रंग बऱ्याचदा शाबूत आणि पुसलं तर खालचं छत चांगलं निघतं. जागा ठरलेल्या असतात: बाहेरच्या दोन भिंती मिळतात तो कोपरा, बीमच्या कडेला, खिडकीच्या वरचा भाग, बाथरूमचं छत, उंच कपाटाच्या वरची बंद जागा.

मग वेळ बघा. पावसानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डाग गडद होतो? गच्ची, छप्पर किंवा बाहेरची भिंत तपासा. पाऊस नसताना वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ केली की ओलं होतं? ड्रेनेज किंवा फरशीचे सांधे. रात्रंदिवस, कुणी पाणी वापरो न वापरो, कायम ओलं? दाबाखाली असलेला पाण्याचा पाइप. आणि थंडीच्या पहाटे, आंघोळीनंतर किंवा घरात कपडे वाळत घातले त्या दिवसांत वाढतं? वाफ. एक साधी वही घेऊन पाऊस, आंघोळ, एसी, कपडे वाळत घालणं आणि डागाची अवस्था एवढं दोन-तीन आठवडे लिहा, मला तरी यापेक्षा स्वस्त आणि चांगली टेस्ट माहीत नाही.

एक अडचण अशी की काही घरांत दोन्ही असतं. गळतीने स्लॅब ओला होतो आणि त्याच ओलाव्याने खोलीची हवाही दमट होते. अशा वेळी आधी गळती बंद करायची, छत वाळू द्यायचं आणि मग उरलेलं बघायचं.

घरच्या घरी करता येईल अशी एखादी पक्की टेस्ट आहे का?

काँक्रीटच्या छतासाठी फॉइलची टेस्ट चांगली आहे. डागाजवळचा भाग कोरडा पुसून घ्या, साधारण एक फूट बाय एक फूट अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, हवा जायला फट ठेवू नका, आणि २४ ते ४८ तास तशीच राहू द्या. नंतर बघा. खोलीच्या बाजूने फॉइल ओलं असेल तर हवेतली वाफ जमतेय. फॉइल काढल्यावर मागची बाजू किंवा छत ओलं असेल तर पाणी स्लॅबमधून येतंय. मात्र ज्या दिवसांत त्रास होतो त्याच दिवसांत करा, कडक उन्हाळ्यात टेस्ट करून "काहीच नाही" असा निष्कर्ष काढू नका. आणि पोपडे सुटणाऱ्या रंगावर टेप टिकत नाही, तिथे जरा बाजूला लावा.

बुरशी भिंतीपेक्षा छताच्या कोपऱ्यातच जास्त का दिसते?

आंघोळीची, स्वयंपाकाची गरम दमट हवा वर चढते आणि पहिल्यांदा छतालाच भेटते. त्यात कोपऱ्याला दोन-तीन बाजूंनी बाहेरची थंडी लागते, आतली हवा तिथे नीट फिरत नाही, आणि काँक्रीटचे बीम-कॉलम थंडी आत आणतात, म्हणून कोपरा खोलीतल्या बाकी छतापेक्षा काही अंशांनी थंड असतो. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसंच.

पण घाम फुटायचीही गरज नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. छताच्या अगदी लगतच्या हवेची आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशीला पुरतं, छत हाताला कोरडं लागलं तरीही. उदाहरण घ्या: खोलीत २० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रता आहे, तर छतावर थेंब साधारण १२ अंशाला जमतील, पण ८० टक्क्यांची पातळी १५ अंशाच्या जरा वरच गाठली जाते. दमट हवेत तर अंतर आणखी कमी. २८ अंश आणि ७० टक्के असेल तर छताचा कोपरा २६ अंशाच्या जरा खाली गेला तरी तिथे ८० टक्के झालेच. दोन-सव्वादोन अंशांचा फरक! म्हणून "आमच्याकडे छतावर पाणी दिसतच नाही, मग बुरशी कशी" याचं उत्तर हे आहे.

आर्द्रता मोजायची कशी आणि किती असायला हवी?

डिजिटल हायग्रोमीटर घ्या, साधा छोटा चालतो. घरात ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, ३० ते ५० जमलं तर उत्तम, अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही हेच सांगते. मीटर खिडकीत, एसीच्या झोतात किंवा गॅसजवळ ठेवू नका. दिवसातून एकदा बघून भागत नाही, पहाटे, आंघोळीनंतर आणि रात्री झोपताना असे आकडे लिहा.

स्वस्त मीटर चुकीचं दाखवतात का? दाखवू शकतात, पण तपासणं सोपं आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा (मीठ पूर्ण विरघळायला नको), ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ कमी दाखवतो हे लक्षात ठेवून पुढे वापरा.

सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर (लांबूनच तापमान मोजणारा) मिळाला तर फारच छान. पहाटे छताच्या मध्यभागी आणि डागाच्या कोपऱ्यात तापमान घ्या. कोपरा तीन-चार अंश थंड निघाला आणि बुरशी नेमकी तिथेच असेल तर कारण जवळपास सापडलंच.

घरात एवढी वाफ येते कुठून?

आपल्या रोजच्या जगण्यातूनच. माणूस नुसता झोपला तरी श्वासातून आणि घामातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडतो, बंद खोलीत तिघं-चौघं झोपले तर सकाळपर्यंत लिटरभर सहज होतं. धुतलेल्या कपड्यांची एक बादली घरात वाळवली तर लिटर-दोन लिटर हवेतच जातं. उकळणारी भांडी, आंघोळ, ओली फरशी, झाडं, फिश टँक हे आहेच. गॅसची गोष्ट कमी लोकांना माहिती असते: एक किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, भांड्यातून निघणारी वाफ वेगळी. म्हणून धुराडं नसलेला गॅसचा हीटर किंवा गीझर बंद खोलीत वापरणं बुरशीसाठी तर वाईटच, पण कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवालाही धोका आहे.

बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन आहे, तरी छत काळं. का?

फॅन फिरतोय म्हणजे हवा बाहेर जातेय असं नाही. टिश्यू पेपरचा एक पापुद्रा जाळीला लावून बघा, चिकटून राहिला पाहिजे. पडत असेल तर जाळीत धूळ भरलीय, बाहेरची झडप अडकलीय किंवा डक्ट (हवा बाहेर नेणारा पाइप) निघालाय. मग बाहेर जाऊन बघा की हवा खरंच बाहेर येतेय का, कारण काही ठिकाणी फॅनचं तोंड फॉल्स सिलिंगच्या पोकळीत किंवा पोटमाळ्यातच सोडलेलं असतं आणि सगळी वाफ तिथे कोंडते, मग बुरशी वरून खाली येते.

फॅन ठीक असेल तर दोन गोष्टी राहतात. दाराखाली फट नसेल तर आत हवाच येत नाही, मग तो ओढणार काय. आणि आंघोळ संपली की लगेच फॅन बंद केला तर छतावरचं, टाइल्सवरचं पाणी तिथेच वाळतं, अर्धा तास तरी चालू ठेवा.

आम्ही खिडक्या दिवसभर उघड्या ठेवतो, तरी बुरशी वाढली!

बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच खिडकी उघडून फायदा होतो. इथे टक्के फसवतात. ३० अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाच्या हवेत १७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे थंडीत बाहेर ९० टक्के असले तरी ती हवा आत येऊन गरम झाली की कोरडीच ठरते, आणि उकाड्याच्या पावसाळी दिवसांत बाहेर ८० टक्के असतील तर तुम्ही वाफ आत बोलावताय. हवामानाच्या अ‍ॅपवर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते ते) दिलेला असतो, तो तुमच्या छताच्या तापमानाच्या जवळ किंवा वर असेल तर खिडक्या बंद ठेवून पंखा, एसी किंवा डीह्युमिडिफायर वापरा. आंघोळ आणि स्वयंपाकाच्या वेळची वाफ मात्र कोणत्याही ऋतूत बाहेर काढायचीच.

एसी लावल्यापासून बुरशी आली. एसी तर हवा कोरडी करतो ना?

करतो, पण कॉम्प्रेसर चालू असताना. खोलीच्या मानाने एसी फार मोठा असेल तर खोली पटकन थंड होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि वाफ काढायला वेळच मिळत नाही, खोली गार आणि दमट राहते. १८ वर सेट करून झोपलात तर छत, भिंती सगळं थंड होतं आणि सकाळी दार उघडलं की बाहेरची दमट हवा त्या थंड छतावर येते. कधी कधी डाग तुमच्या घरात नसून वरच्या किंवा शेजारच्या बिनएसी खोलीत उमटतो, कारण मधला स्लॅब तुमच्या एसीने थंड केलेला असतो. फॉल्स सिलिंगमधून जाणारे थंड पाइप किंवा डक्ट यांचं इन्सुलेशन फाटलं असेल तर त्यांना घाम फुटून थेंब बोर्डवर पडतात, आणि ड्रेन पाइप तुंबला तर ट्रे भरून वाहतो. एसीच्या आसपासचा डाग असेल तर गच्चीवर चढण्याआधी हे बघा.

आमचा सगळ्यात वरचा मजला आहे. गच्चीतूनच पाणी येत असणार ना?

शक्यता मोठी आहे, पण गृहीत धरू नका, कारण वरचा स्लॅब रात्री आकाशाकडे उष्णता सोडून सगळ्यात थंड होतो आणि वाफेची बुरशीही तिथेच जास्त येते.

पावसानंतर गच्चीवर जाऊन बघा. दोन दिवसांनीही कुठे पाणी साचलेलं आहे का, आउटलेटमध्ये पालापाचोळा आहे का, कठड्याच्या मुळाशी भेगा, निघालेले सांधे, पाइप स्लॅबमधून जातो तिथली फट, टाकीखालची ओल. नक्की करायचं तर आउटलेट बंद करून थोडं रंगीत पाणी २४ तास साठवतात आणि खाली बघतात. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन, त्यामुळे जुना, भेगाळलेला स्लॅब असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका.

आणि डागाच्या बरोबर वर भेग सापडली नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. पाणी उतार, सळया, बीम, वायरिंगचा पाइप धरून बरंच लांब जातं. उतरत्या छपराच्या घरात पोटमाळ्यात शिरून लाकडावरचे ओघळ टॉर्चने शोधा, तिथून वाट लवकर कळते.

वरच्या फ्लॅटचं बाथरूम आमच्या छतावर आहे, ते म्हणतात आमच्याकडे गळती नाही.

भांडणाआधी टेस्ट. त्यांना विनंती करून सगळे नळ बंद ठेवा आणि पाण्याचं मीटर तास-दोन तास बघा, काटा हलला तर पाण्याचा पाइप गळतोय. मीटर स्थिर असेल तर ड्रेनेज किंवा फरशी. मग दोन-तीन दिवस ते बाथरूम वापरायचं नाही, डाग वाळतो का बघायचं, नंतर एका दिवशी फक्त फ्लश, दुसऱ्या दिवशी फक्त बेसिन, तिसऱ्या दिवशी फरशीवर रंगीत पाणी. ज्या दिवशी डाग ओला झाला ते कारण. दोन्ही घरच्या लोकांसमोर केलं आणि फोटो ठेवले की वाद बराच मिटतो.

वास कुबट येतो पण छत स्वच्छ दिसतं.

फॉल्स सिलिंग असेल तर बुरशी वरच्या बाजूला असू शकते. लाइटचा खाचा किंवा तपासणीची झडप उघडून (आधी मेन स्विच बंद करून) मोबाइलचा कॅमेरा आत घाला. जिप्सम बोर्डचा कागद एकदा भिजला आणि २४ ते ४८ तासांत वाळला नाही तर बुरशी धरू शकतो. बुरशी धरलेला बोर्ड पुसून वाचत नाही, कापून बदलावा लागतो.

मॉइश्चर मीटर आणि थर्मल कॅमेरावाले बोलवावेत का?

उपयोगी आहेत, पण आकड्याचा अर्थ समजून घ्या. पिनवालं मॉइश्चर मीटर (ओल मोजणारं) बहुतेक लाकडासाठी बनवलेलं असतं, प्लास्टरवर त्याचा टक्का खरा नसतो, फक्त कोरड्या जागेशी तुलना करायची. लोणा असेल तर क्षारांमुळे आकडा उगाच चढतो. थर्मल कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमान दाखवतो, त्यामुळे निळा डाग ओलीचा असेल किंवा नुसता थंड बीम असेल, मीटर लावून खात्री करायची. कुणी फक्त रंगीत फोटो दाखवून मोठं काम सुचवत असेल तर होकार देऊ नका.

काळी बुरशी विषारी असते ना? लॅब टेस्ट करू का?

रंगावरून जात ओळखता येत नाही. ज्या स्टॅकिबोट्रिस नावाच्या काळ्या बुरशीची भीती घातली जाते ती बराच काळ चिंब राहिलेल्या कागदा-बोर्डावर वाढते. घरात नेहमी दिसणाऱ्या क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशीही काळ्या दिसू शकतात. बुरशी डोळ्यांना दिसतेय तर लॅब टेस्टची सहसा गरज नाही, जात कुठलीही असो काम तेच: ओल बंद करा, बुरशी काढा. उघडी प्लेट ठेवून करायच्या किटवर तर पैसे घालवू नका, बीजाणू सगळीकडे असतात, प्लेटवर काहीतरी उगवणारच.

तब्येतीला कितपत धोका?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ओल असलेल्या घरांत श्वसनाचे त्रास, अ‍ॅलर्जी आणि दमा जास्त आढळतो असं स्पष्ट म्हटलंय, आणि अमुक इतकी बुरशी सुरक्षित असा आकडा दिलेला नाही. लहान मुलं, दमेकरी, केमो चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक त्या खोलीत झोपू नयेत. घराबाहेर गेल्यावर खोकला, नाक वाहणं कमी होतं आणि परत आल्यावर वाढतं असं दिसत असेल तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आवर्जून सांगा.

अँटी-फंगल पेंट मारला तरी परत आली, आता काय?

ओल तशीच आहे, एवढाच अर्थ. असा रंग थोडा वेळ मिळवून देतो, कारण काढत नाही, आणि बुरशीवरच मारलेला रंग पोपडे होऊन सुटतो. कारण बंद झालं, छत पूर्ण वाळलं, मग साफसफाई, मग रंग. डाग एक चौरस मीटरच्या आत असेल तर स्वतः करता येतं, एन-९५ मास्क, हातमोजे, गॉगल घालून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यानेच पुसा, कोरडा ब्रश किंवा झाडू मारला की बीजाणू घरभर. मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होते म्हणून नुसतं मारून भागत नाही, काढावी लागते. ब्लीच वापरलंत तर त्यात अमोनिया किंवा अ‍ॅसिड असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. खूप जुन्या घरातलं खडबडीत टेक्स्चर केलेलं छत असेल तर खरवडण्याआधी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का ते तपासून घ्या.

नवीन घर आहे, तरी?

काँक्रीट, प्लास्टरमध्ये बांधकामाचं पाणी असतं, ते पूर्ण वाळायला बरेच महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. पहिल्या वर्षी हवा खेळती ठेवा आणि छतालगत उंच फर्निचर लावू नका. वलयवाला डाग असेल तर मात्र "नवीन आहे, वाळेल" असं म्हणून सोडू नका.

कुठल्या वेळी स्वतः काही न करता लगेच माणूस बोलवायचा?

छत खाली फुगलंय किंवा झुकलंय, लाइटच्या पॉइंटमधून पाणी येतंय, गंजाचे तपकिरी ओघळ दिसतायत, सळया उघड्या पडल्यात किंवा काँक्रीटचे तुकडे पडतायत तर. त्या खोलीची वीज मेनवरून बंद करा, खालून बिछाना हलवा, खोली रिकामी ठेवा. पाणी लाइटमधून येत असेल तर इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर दोघंही, आणि सळया दिसत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, नुसता रंगारी किंवा वॉटरप्रूफिंगवाला नाही.